सिलोनची अक्का

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वस्तीतल्या पोरी आलेल्या मी बघितल्या होत्या. पोरगी दारात दिसली की आई हातातलं काम टाकून धावणार, पाण्याचा तांब्या पुढं करणार, आणि मंग पोरगी पाय लांब करून बसणार अन् आई तिच्याभोवती फिरणार. आष्टीला सासरी मी कितीक महिने याच एका आशेवर काढले. सासूचं बोलणं ऐकलं की मनात म्हणायची, थांब, एकदा तीर्थपुरीला जाऊ दे. मंग आई माझी. फक्त माझी.

आष्टीच्या स्टँडवर नवऱ्यानं मला एसटीत बसवलं, ते बी लांबून. पिशवी माझ्याच हातात. तीर्थपुरीला दादा उतरवून घ्यायला आल्ते. दादा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. वाटेनं चालता चालता म्हणले, "घरी पाहुणे हायेत. सिलोनचे. म्हातारा-म्हातारी. वर्षभर राहणार, विहारात लेकरांना वंदना शिकवणार."

मला सिलोन म्हणजे रेडिओवर गाणी लागतात ते गाव, एवढंच ठाऊक. तिथं माणसं राहत असतील आणि ती उठून आमच्या घरी मुक्कामाला येतील, हे काही डोक्यात शिरेना.

घरी पोचले. आई ओसरीवर बसल्ती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या लुगड्यातल्या एका म्हातारीचे पाय. उन्हानं फुटलेल्या त्या टाचांना आई तूप चोळून राह्यलती. मला बघून म्हणली, "आलीस? बरं झालं. रांजणातलं पाणी घे गं, माझा हात तुपाचा हाय."

बास. सात महिन्यांचं पोट घेऊन आलेली लेक, आणि तिनं आपल्या हातानं पाणी घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तूप! सासरी मला वरणावर तुपाचा थेंब दिसत नव्हता आणि इथं ते टाचांना चाललं होतं.

ही बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, त्याला वीसेक वर्षं होत आल्ती. वस्तीत विहार झाला होता, पण वंदना नीट शिकवायला कुणी नव्हतं. तिकडच्या एका संस्थेनं हे जोडपं पाठवलं होतं. पगार न्हाई, काही न्हाई, धम्माचं काम म्हणून. म्हातारा पोस्टातून रिटायर झालेला. त्याला सगळे बाबा म्हणायचे. दादांना इंग्रजी येत होतं आणि विहार आमच्या घराला लागून, म्हणून आमची पुढची खोली त्यांना दिली. त्याच खोलीत माझं बाळंतपण व्हायचं होतं, असं मी आपलं धरून चालले होते. मला मिळाली मागची, कडब्याच्या वासाची.

ती दोघं आली त्या दिवशीचा किस्सा आई मला पहिल्याच संध्याकाळी रंगवून सांगत बसली. म्हातारी पांढरं नेसलेली. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात एक बांगडी न्हाई. आईला वाटलं, हिचा नवरा नुकताच गेलेला दिसतो आणि ही भावाला संगं घेऊन आली. आपल्याकडं अशी बाई पहिल्यांदा भेटली की गळ्यात पडून रडायचं असतं. आईनं तिच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला! शेजारच्या बायका धावल्या, त्यांनी बी सूर धरला. म्हातारीला काही कळेना. पण परमुलखात पाय ठेवल्याबरोबर येवढ्या बाया आपल्यासाठी रडतेत म्हणल्यावर तिला बी भरून आलं. ती बी रडली. आणि जो मेला म्हणून हे चाललं होतं तो दोन्ही हातांत पिशव्या धरून बाजूला उभा! आईनं त्याचं अंथरूण 'भाऊ' म्हणून बाहेर ओसरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी दादा जालन्याहून परत आले, त्यांचं इंग्रजीत बोलणं झालं, तवा कुठं कळलं की हा तर नवरा. तिकडं म्हणे धम्माच्या कामाला निघालं की पांढरंच नेसतात आणि कुंकू कुणीच लावत न्हाई.

"त्या दिवसापासून ती माझी अक्का," आई म्हणली. "त्यांच्या भाषेत बी मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, ठाऊक हाय का तुला?"

सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू. मी हसले न्हाई. मी मनात म्हणलं, हिच्या गळ्यात पडून रडायला सगळी वस्ती. माझ्या गळ्यात कोण पडलं?

आता त्या दोघांचे हाल होते, हे मी काही नाकारत न्हाई. बाबांना ज्वारीची भाकर पचायची न्हाई, पोट फुगायचं. अक्का भाकर बिस्किटासारखी मोडायची आणि मंग तुकड्यांकडं बघत बसायची. त्यांना तिन्ही वेळ भात लागायचा, आणि आमच्याकडं भात सणाला. ऊन तर असं की दुपारी दोघं ओलं फडकं डोक्यावर घेऊन खोलीत बसून राहायची. अक्का खुणेनं विचारायची, पाणी कुठं हाय, मोठं पाणी? तिला समुद्र म्हणायचं असावं. आई आडाकडं बोट करायची. अक्का आडात डोकावून बघायची आणि एवढंसं तोंड करून परत यायची. वाईट वाटण्यासारखंच होतं. मला बिलकुल वाटलं न्हाई.

कारण आई! शेजारणीचा माणूस जालन्याला निघाला की त्याच्याकडून नारळ मागवायची. तांदूळ कुठून कुठून आणायची. आणि जेवणात ती दोघं ज्या गोष्टीवर तुटून पडली, ती म्हणजे आईचा ठेचा. आईच्या हातचं तिखट आमच्या घरात कुणाला सोसायचं न्हाई. दादा तर पाण्याचा तांब्या घेऊनच बसायचे. ही माणसं मात्र ठेचा भातात कालवून खायची आणि अजून मागायची. आई फुशारून जायची. "बघ, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातचं बराबर खाल्लं." आणि माझ्या ताटात? फिकं वरण. "तुला तिखट न्हाई, पोटात लेकरू हाय." मी फिकं वरण गिळत त्या तिघांचं सूं-सूं ऐकायची.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बोलणं दिवसभर. कसं, तर पंचशीलातल्या शब्दांनी. जीव घेऊ नको, चोरी करू नको, खोटं बोलू नको, हे पालीतलं दोघींना पाठ. आई झुरळावर चप्पल उगारायची, अक्का हात धरून म्हणायची, "पाणातिपाता!" मांजरीनं दुधात तोंड घातलं की आई ओरडायची, "अदिन्नादाना, अदिन्नादाना!" आणि आई उपाशी असून "जेवले मी" म्हणली की अक्का बोट नाचवून म्हणायची, "मुसावादा!" मंग दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसायच्या. पन्नाशीची माझी आई, पोरीसारखी. माझ्यासंगं ती अशी कधी हसली, आठवून बघितलं. आठवेना.

आणि तो म्हातारा. सकाळी आडावर जाऊन बायकोची लुगडी आपल्या हातानं धुवायचा, पिळायचा, वाळत घालायचा. सगळी वस्ती बघायची. दुपारी ओसरीवर बसून तिचे केस विंचरून द्यायचा, गुंता हळूहळू सोडवत. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला हसू येत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं माझी पिशवी धरली न्हाई, आणि इथं म्हातारपणी एकीला नवरा बी असा आणि वरून माझी आई बी. सगळं तिलाच का? मला त्या बाईचा असा हेवा वाटायचा की जेवण गोड लागायचं न्हाई.

एकदा मी आईला बोलून बी दाखवलं. "मी बाळंतपणाला आले का तुझ्या पाहुण्यांच्या चाकरीला?"

"तुझं अजून महिना-दीड महिना लांब हाय," आई म्हणली. "काय घाई लागली? ती बिचारी कुठं जाणार?"

"मी तरी कुठं जाणार?"

"येडी का खुळी तू," म्हणली आणि नारळ फोडायला गेली.

मंग पौर्णिमा आली. सकाळी विहारात दोघं पाण्याचं मडकं पुढं ठेवून, त्याला पांढरं सूत गुंडाळून बराच वेळ पालीतलं म्हणत बसली. आई घरी खिचडीच्या नादात होती. म्हणून झाल्यावर अक्कानं मला जवळ बोलावलं, माझ्या पोटाला हात लावला, सुताचा तुकडा तोडला आणि माझ्या मनगटाला गाठ मारली. त्यांच्याकडं गरवार बाईसाठी म्हणायचं एक सुत्त, म्हणजे बुद्धवचन, असतं, सुखरूप सुटका व्हावी म्हणून. ते म्हणून झालेला तो दोरा.

मला बराबर कळलं होतं आता काय होणार. आज बघावं तर भंतेजी लेकराबाळांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतेत आणि कुणाला काही वाटत न्हाई. पण तवाची गोष्ट वेगळी होती. आणि आमच्या आईची तर बिलकुल वेगळी. माझ्या आधी तिची दोन लेकरं गेली होती. दोघांच्या गळ्यात, दंडात, कमरेत भगतानं दिलेले गंडे-दोरे, ताईत, काय न्हाई ते. दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं घरातला शेवटचा दोरा चुलीत घातला आणि पुन्हा कधी कुणाच्या अंगावर दोरा येऊ दिला न्हाई. हे अक्काला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी हात मागं घेतला न्हाई. का घ्यावा? मी बाही वर सरकवून सरळ घरी चुलीपुढं जाऊन बसले.

आईनं बघितलं. हातातली पळी तशीच. "कुणी बांधला?"

"तुझ्या अक्कानं."

आई उठली न्हाई, ओरडली न्हाई. तिनं माझा हात ओढला, वाकली आणि गाठ दातात धरून तोडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्या येवढी जवळ आल्ती. तिच्या केसांचा, धुराचा, तेलाचा वास माझ्या नाकात भरला. वाटलं, आईनं असंच राहावं, तो दोरा कधी तुटूच नये. पण सूतच ते. तुटलं. वर बघितलं तर दारात अक्का उभी. तिच्यासमोरच आईनं तो तुकडा चुलीत टाकला.

संध्याकाळी बाबांनी दादांना इंग्रजीत खूप समजावून सांगितलं आणि दादांनी ते आईला सांगितलं. हा ताईत न्हाई, बुद्धवचन म्हणून झाल्यावर बांधलेला दोरा हाय, तिकडं सगळे बांधतात. आई भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. मंग म्हणली, "त्यांना सांगा, देवाचं नाव बदललं म्हणून दोरा बदलत न्हाई. माझी दोन लेकरं ह्या दोऱ्यांनी न्हाई वाचवली. तिसऱ्या लेकराच्या लेकराला मी न्हाई बांधू देणार." दादांनी त्यातलं किती सांगितलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी ती दोघं आपल्या पिशव्या घेऊन विहाराच्या मागच्या खोलीत राहायला गेली. भांडण न्हाई, शब्द न्हाई. अक्कानं जाताना खोली झाडून घेतली.

जिंकले मी! पुढची खोली मला मिळाली. आई मला मिळाली. तिनं माझ्या डोक्याला तेल घातलं, डिंक-खोबऱ्याची तयारी केली, बाळुत्यांना जुनी लुगडी फाडली. पण काय सांगू, ती माझ्याजवळ असून नसल्यासारखी. माझं डोकं चोळता चोळता बोटं थांबायची आणि नजर विहाराकडं. वरणात मीठ दोनदा पडायचं, न्हाई तर पडायचंच न्हाई. ठेचा तर तिनं वाटणंच सोडलं. झुरळ दिसलं तर चप्पल उचलायची, आणि हात वरच्या वर राहायचा. मला येवढा राग यायचा! म्हणलं, ती बाई घरात असताना बी आई तिची, गेल्यावर बी तिचीच. मी काय नुसती पोट घेऊन बसायला आले?

आणि मंग माझा दिवस उजाडला. पहाटेपासून कळा. दवाखान्यातली नर्सबाई आली. आई माझ्या उशाला, माझं डोकं तिच्या मांडीवर. कळ आली की मी तिचा दंड धरायची आणि एवढ्या दुखण्यात बी मनात यायचं, आता ही हलत न्हाई, आता ही माझी. दुपार झाली. लेकरू काही पुढं सरकेना. नर्सबाईनं आईला बाजूला घेऊन सांगितलं ते मला ऐकू आलं. आणखी थोडी वाट बघू, न्हाई तर जीप बघा, जालन्याला न्यावं लागंल. दादा जीप बघायला पळाले. जालना म्हणजे तवाच्या रस्त्यानं काय हाल, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आई उठली.

"आई, कुठं चाललीस?"

"आले जल्दी."

"आई, जाऊ नको! आई!" मी अशी ओरडले की गल्लीत ऐकू गेलं असंल. आई गेली. मला सोडून गेली. त्या वेळी मला कळांपेक्षा ते जास्त लागलं. मी मरायला टेकले आणि ही चालली!

पुढचं मला नंतर दादांनी सांगितलं, जीप घेऊन आल्यावर त्यांनी विहाराच्या दारात बघितलं ते. आई उंबऱ्यात उभी राहून अक्काला म्हणत होती, "दोरा न्हाई. दोरा मी बांधू देणार न्हाई. तोंडानं म्हणा. माझ्या लेकीसाठी तोंडानं म्हणा." मराठीत. अक्काला मराठी कुठं येत होतं? पण आईनं आपल्या मनगटाला हात लावून नको म्हणलं, ओठांना हात लावला आणि मंग दोन्ही हात जोडले. माझ्या आईनं कधी कुणापुढं हात जोडलेले दादांनी बघितले नव्हते.

म्हातारा आमच्या ओसरीवर येऊन ते सुत्त म्हणायला लागला. अक्का आत आली, माझ्या पायाशी बसली आणि तिनं बी सूर धरला. आई परत माझ्या उशाला. मी आईवर इतकी चिडले होते की तिचा हात झटकला. तो हात तिनं पुन्हा ठेवला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राह्यलता, आत त्या दोघांचं संथ म्हणणं, मधे नर्सबाईचं "जोर लाव, बाई, जोर लाव", आणि पोरगी झाली. जीप रिकामी परत गेली. ते सुत्तानं झालं का नर्सबाईच्या इंजेक्शननं, ह्यावर दादा पुढं कितीतरी वर्षं बोलायचे. आईनं त्यावर तोंड उघडलं न्हाई.

तिनं लेकराला पुसलं, गुंडाळलं. मी हात पुढं केले. आणि आईनं काय करावं? लेकरू उचललं आणि अक्काच्या मांडीवर ठेवलं. माझ्या आधी!

"आई, इकडं आण."

"थांब गं. अक्काच्या मांडीवर हाय."

अक्का रडत होती, आई रडत होती. बाबा दारातून डोकावून डोळे पुसत होते. मी बाजेवर पडून आढ्याकडं बघत होते. माझं लेकरू त्या बाईजवळ, माझी आई त्या बाईजवळ. मला कोण विचारतंय?

दिवे लागायच्या वेळेला सगळे पांगले. लेकरू माझ्या कुशीत. आई बाजेच्या कडेला टेकून माझे पाय दाबत होती. माझ्यानं राहवलं न्हाई.

"मी आले त्या दिवसापासून तू मला एकदा तरी 'ये' म्हणलीस का? एकदा तरी? तिला मात्र उठता-बसता, अक्का ये, अक्का बस."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भलतंच विचारलं. "तुला काय म्हणायचं ये-बस? तू घरची. परक्याला बोलवावं लागतं बाई. न्हाई तर ते बिचारं दारातच उभं राहतं."

"मी बी दारातच उभी हाय, आई."

तिचे हात थांबले. मंग तिनं लेकराला अलगद उचलून भिंतीच्या बाजूला ठेवलं, स्वतः बाजेवर सरकली, पदर सारखा केला आणि म्हणली, "ये."

मी तिच्यापासून हातभर बी लांब नव्हते. तरी गेले.